हान्स माग्नुस एन्झेन्सबर्गर : एका कवीची अनेक क्षेत्रे

कवी, निबंधकार, संपादक, प्रकाशनाचे सल्लागार, अनुवादक आणि मुलांसाठी गणिताची गोष्ट लिहिणारे लेखक अशा नात्यांनी हान्स माग्नुस एन्झेन्सबर्गर यांनी जर्मन साहित्यात सहा दशकांहून अधिक काळ काम केले. १९२९ मध्ये बव्हेरियातील काउफबॉयरेन येथे जन्मलेला हा मुलगा नाझींच्या मेळाव्यांच्या न्यूरेंबर्ग शहरात वाढला आणि युद्ध संपताच दोस्त सैन्याचा दुभाषी झाला. सत्तेच्या भाषेविषयीचा त्यांचा आयुष्यभराचा संशय याच काळात रुजला असावा.

१९५५ मध्ये जर्मन स्वच्छंदतावादी कवी क्लेमेन्स ब्रेंटानोच्या काव्यावर डॉक्टरेट मिळवून ते स्टुटगार्टच्या नभोवाणीत रुजू झाले. १९५७ च्या पहिल्या संग्रहातील शीर्षककवितेत त्यांनी लांडग्यांना नव्हे, तर मुकाट्याने त्यांच्या तावडीत जाणाऱ्या कोकरांनाच धारेवर धरले. ‘श्पीगेल’ साप्ताहिकाच्या भाषेची चिरफाड करणारा निबंधही त्याच वर्षीचा. १९६३ मध्ये जर्मन साहित्यातील अत्यंत मानाचा ब्युख्नर पुरस्कार मिळाला, तेव्हा ते अवघ्या तेहतिशीत होते.

१९६५ मध्ये त्यांनी सुरू केलेले ‘कुर्सबुख’ हे नियतकालिक पश्चिम जर्मनीतील विद्यार्थी चळवळीचे महत्त्वाचे व्यासपीठ ठरले. १९६८ मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ जाहीर पत्र लिहून त्यांनी अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठ सोडले आणि क्युबा गाठले. तेथील क्रांतीविषयी त्यांचा भ्रमनिरास झाला. ‘टायटॅनिकचा अंत’ या दीर्घकाव्याचा क्युबात लिहिलेला पहिला खर्डा टपालात गहाळ झाल्याचे ते त्याच काव्यात सांगतात. पुढे आठवणींच्या आधारे नव्याने रचलेले हे तेहतीस सर्गांचे काव्य १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. हिमनगाला धडकणाऱ्या जहाजाबरोबर एका पिढीच्या राजकीय आशाही त्यात बुडतात, म्हणून मला ते त्यांचे सर्वांत प्रामाणिक लेखन वाटते.

भूमिका बदलत राहतात, असा आरोप त्यांच्यावर वारंवार झाला. तो मला वरवरचा वाटतो, कारण एखाद्या मताचा संप्रदाय होऊ लागला की त्यातून बाहेर पडणे हीच त्यांची सुसंगती होती. १९८५ मध्ये प्रकाशक फ्रान्झ ग्रेनो यांच्यासह त्यांनी ‘दी आंदेरे बिब्लिओथेक’ ही दरमहा एक पुस्तक काढणारी ग्रंथमाला सुरू केली आणि जर्मन लेखक वि. गे. झेबाल्ड यांचे लेखन त्याच मालेतून वाचकांपुढे आणले. गणिताची धास्ती घेतलेल्या मुलाच्या स्वप्नात येणाऱ्या अंकसैतानाची गोष्ट १९९७ ची. २००० मध्ये लांड्सबर्ग येथे त्यांच्या आराखड्यानुसार कविता रचणारे यंत्र उभे राहिले. बटण दाबले की विमानतळावरील जुन्या फलकासारख्या पट्ट्या खडखडत उलटतात आणि सहा ओळींची नवी कविता तयार होते. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये म्युनिक येथे, वयाच्या ९३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.