‘नवोदित’ किती वर्षे? तरुण गायक-वादकांच्या वयाकडे पाहण्याच्या रीतीची पार्श्वभूमी

नागपुरात संगीताच्या कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका हाती आली, की तिच्यावरील नावांचा क्रम आणि नावांआधीची विशेषणे जरा थांबून वाचावीत. सर्वांत वर, ठळक अक्षरांत, पंडित किंवा उस्ताद ही उपाधी लागलेले नाव असते. त्याखाली ‘सुप्रसिद्ध’ मंडळी असतात. आणि तळाशी, साथीदारांच्या जेमतेम वर, ‘नवोदित’ अथवा ‘उदयोन्मुख’ या शब्दाने सुरू होणारी एक ओळ असते. या ओळीतील व्यक्ती बहुधा विशीत किंवा तिशीच्या उंबरठ्यावर असते, तिने दहा-पंधरा वर्षे तालीम घेतलेली असते आणि पुष्कळदा ती शिकवण्या, साथसंगत, लग्नसमारंभ व ध्वनिमुद्रणे यांवर कित्येक वर्षे स्वतःचे घर चालवीत असते. पत्रिकेच्या हिशेबाने मात्र तिचा उदय अजून व्हायचाच असतो. रंगमंचामागे याच गोष्टीसाठी इतके मऊ शब्द वापरत नाहीत. ‘पोट्टं मस्त वाजवते’ हे कौतुक आणि ‘अजून पोट्टाच आहे, त्याला काय द्यायचे’ हा हिशेब एकाच संध्याकाळी, कधी एकाच तोंडून ऐकू येतो.

वयावरून माणसाची पात्रता ठरविण्याच्या प्रवृत्तीला इंग्रजीत ‘एजिझम’ हा स्वतंत्र शब्द मिळाला तो 1969 मध्ये, रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञामुळे, आणि तोही वृद्धांच्या वाट्याला येणाऱ्या वागणुकीपुरता. तरुणांना तो नंतर लावला जाऊ लागला. मराठीत या प्रवृत्तीला रुळलेले नाव नाही, यामागे एक कारण असावे: ‘तू अजून लहान आहेस’ या वाक्यात आपल्याकडे कोणाला अन्याय दिसत नाही, उलट माया दिसते. संगीतात गुंता आणखी वाढतो, कारण या क्षेत्राने लहान वयाला नेहमीच दूर ठेवले असे मुळीच नाही. दहा-बारा वर्षांच्या गायकाला डोक्यावर घेणारा आणि पंचवीस वर्षांच्या गायकाला थांबायला सांगणारा समाज एकच आहे. ही विसंगती कशी आली, हे पाहण्यासाठी तीन जुन्या व्यवस्थांकडे जावे लागते: घराण्याची तालीम, संगीत नाटक मंडळी आणि आकाशवाणी.

घराण्याच्या पद्धतीत गंडाबंधनानंतर, म्हणजे गुरूने धागा बांधून शिष्य म्हणून स्वीकारल्यानंतर, शिष्याने केव्हा गावे, कोठे गावे आणि कोणासमोर गाऊ नये, याचा निर्णय गुरूकडे असे. कच्च्या वयात मैफली सुरू झाल्या तर वाहवा मिळविण्याची घाई गळ्यात शिरते आणि रागाची बढत, म्हणजे त्याचा सावकाश विस्तार, खुंटते, हे या शिस्तीमागचे कारण खरे होते आणि आजही खरे आहे. परंतु त्याच शिस्तीचा एक व्यावहारिक भाग होता, ज्याविषयी कमी बोलले जाते. गुरूच्या हयातीत शिष्य स्वतंत्र झाला, की दरबारातील किंवा गावातील बिदागीला वाटेकरी निर्माण होई. बंदिशी राखून ठेवणे, विशिष्ट राग उशिरा देणे, ‘अजून दोन वर्षे थांब’ म्हणणे या सर्वांत विद्येची काळजी किती आणि उत्पन्नाची काळजी किती, हे प्रत्येक गुरूगणिक वेगळे असणार. वय हे तेथे मोजमाप नव्हते, मोजमाप होते ते अनुमतीचे. पण अनुमती उशिरा मिळत असल्यामुळे पिकलेले केस आणि पिकलेले गाणे यांचा संबंध श्रोत्यांच्या मनात पक्का झाला.

संगीत नाटकाने नेमके उलट केले. केशवराव भोसले यांनी 1908 मध्ये ललितकलादर्श ही मंडळी काढली आणि दीनानाथ मंगेशकर यांनी सहकाऱ्यांसह 1918 मध्ये बलवंत संगीत मंडळी उभी केली. दोघेही त्या वेळी 17 वर्षांचे होते. सतरा वर्षांच्या मुलाला कायद्याने तेव्हाही साधा करार स्वतःच्या सहीने करता येत नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे या धाडसाचे वेगळेपण कळते. नारायणराव राजहंस किर्लोस्कर मंडळीत 1905 मध्ये दाखल झाले तेही 17 व्या वर्षी, आणि ‘बालगंधर्व’ हे नाव तर त्यांना त्याआधीच मिळाले होते. या मंडळ्यांमध्ये वयाचा अडसर आला नाही, कारण तेथे निकाल तिकिटाच्या खिडकीवर लागत असे. पद रंगले, वन्समोअर पडला, की नटाचे वय विचारण्याचे कोणाला कारण उरत नसे. मराठी रसिकांना तरुण गाणे पचत नाही, असे जे म्हटले जाते त्याला एवढे एक उदाहरण पुरेसे उत्तर आहे. ज्या ठिकाणी तिकीट काढून आलेला प्रेक्षक ठरवतो तेथे वय मागे पडते, आणि ज्या ठिकाणी समिती, संस्था किंवा यजमान ठरवतो तेथे ते पुढे येते, असा या साऱ्या इतिहासाचा माझ्या समजुतीप्रमाणे कल दिसतो.

मंडळ्यांच्या काळाने आणखी एक वारसा मागे ठेवला, तो नावांचा. ‘बाल’, ‘मास्टर’, ‘कुमार’, ‘बेबी’ ही नावाआधीची बिरुदे लहान वयाची जाहिरात करीत असत. कोवळ्या गळ्यातून मोठ्यांचे गाणे ऐकण्यात एक चमत्कार होता आणि चमत्काराला तिकीट होते. शिवपुत्र कोमकली हा सुमारे बारा वर्षांचा मुलगा 1936 मध्ये मुंबईच्या जिना हॉलमधील परिषदेत गायला आणि ‘कुमार गंधर्व’ हे नाव सर्वत्र झाले; ते पुढे आयुष्यभर टिकले. पण त्यांनीही त्यानंतर बी. आर. देवधरांकडे वर्षानुवर्षे बसून शिक्षण घेतले, हा भाग चमत्काराच्या कथेत गाळला जातो. सर्वांच्याच वाट्याला असे देवधर येत नाहीत. कंठ फुटला, आवाज जाड झाला, की बालकलाकाराचे कौतुक ओसरते, आणि उस्तादपणाचा मान मिळायला अजून पंचवीस वर्षे असतात. मधल्या काळात तो फक्त एक तरुण गायक असतो, आणि आपल्या संगीतविश्वात पैशाच्या दृष्टीने याहून वाईट वय नाही.

नागपूरला याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. ज्यांच्या नावाचे सभागृह सिव्हिल लाइन्समध्ये उभे आहे, ते वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरला 1920 मध्ये जन्मले आणि नागपुरात शंकरराव सप्रे यांच्या संगीत विद्यालयात शिकले. 1935 च्या ‘कालियामर्दन’ या चित्रपटात भालजी पेंढारकरांनी त्यांना कृष्णाची भूमिका दिली. एवढी लवकर ओळख झालेला हा गायक पुढे पुण्यात लष्कराच्या लेखा विभागात अनेक वर्षे नोकरी करीत राहिला, आणि महाराष्ट्राच्या घराघरांत त्यांचे नाव गेले ते 1967 मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकातील खाँसाहेबांच्या भूमिकेने, म्हणजे वयाच्या 47 व्या वर्षी. त्यांचे गाणे कोणत्याही एका घराण्याच्या चौकटीत बसणारे नव्हते, त्यामुळे या विलंबाचे खापर एकट्या वयावर फोडणे बरोबर होणार नाही. तरीही विशी, तिशी आणि चाळिशीचा पूर्वार्ध कचेरीच्या आधारावर काढावा लागतो, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. आणि योगायोग असा, की ते नाटक लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचेच, आणि नाटकाचा विषय विद्या राखून ठेवणारा उस्ताद व ती मागणारा तरुण हाच.

या कोंडीतून बाहेर पडण्याच्या दोन वाटा विसाव्या शतकाने काढल्या. पहिली विष्णु दिगंबर पलुसकरांची. त्यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि त्यांच्या पश्चात 1931 मध्ये उभ्या राहिलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाने प्रारंभिकपासून विशारद व अलंकारपर्यंतच्या परीक्षांची शिडी गावोगाव नेली. गुरूच्या शब्दाऐवजी प्रमाणपत्र हा पात्रतेचा पुरावा झाला, आणि प्रमाणपत्र विसाव्या वर्षीही मिळू शकते. मात्र या पुराव्याने शाळेतील संगीतशिक्षकाची नोकरी मिळाली, मैफल मिळाली नाही. विशारद झालेला मुलगा नागपूरच्या धरमपेठ किंवा महाल या वस्त्यांत शिकवणी सुरू करू शकतो. शिकवणीचे दर ठरवताना पालक मात्र ‘सर फारच तरुण दिसतात’ म्हणून घासाघीस करतात.

दुसरी वाट आकाशवाणीची. नागपूर केंद्र 16 जुलै 1948 रोजी सुरू झाले, आणि 1952 ते 1962 या काळात बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना देशभर कलावंतांच्या चाचणीची आणि श्रेणीची पद्धत घट्ट झाली. बी, बी-हाय, ए आणि टॉप अशा या श्रेण्या गाण्यावरून ठरत आणि मानधन श्रेणीवरून. आपणही चाचणीला बसावे ही कल्पना अनेक प्रस्थापित कलावंतांना अपमानास्पद वाटली आणि काहींनी तिला उघड विरोधही केला. त्या विरोधात दुखावलेला स्वाभिमान होता तसाच एक अचूक अंदाजही होता: श्रेणीमुळे ज्येष्ठतेचे बाजारमूल्य उघडे पडणार होते. तरुण वादकाला मात्र प्रथमच असे एक ठिकाण मिळाले, जेथे त्याचा दर छापील होता आणि वयाचा रकाना पैशाशी जोडलेला नव्हता. ‘आकाशवाणी मान्यताप्राप्त’ ही दोन शब्दांची ओळ विदर्भातल्या कितीतरी तबला-संवादिनीवादकांनी आयुष्यभर आपल्या नावाखाली अभिमानाने लावली, ती त्यामुळेच.

सरकारी योजनांनी वयाचा प्रश्न सोडवण्यापेक्षा त्याच्या रेषा आखून दिल्या. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची युवा कलावंतांची शिष्यवृत्ती 18 ते 25 या वयोगटासाठी आहे, कनिष्ठ अधिछात्रवृत्ती (फेलोशिप) 25 ते 40 साठी आणि ज्येष्ठ अधिछात्रवृत्ती त्यापुढील वयासाठी. संगीत नाटक अकादमीने 2006 मध्ये सुरू केलेला उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार 40 वर्षांपर्यंतच्या कलावंतांना मिळतो. दुसरीकडे ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठीची महाराष्ट्र शासनाची मानधन योजना पन्नाशीपासून लागू होते. कागदावर पाहिले तर कलावंताला युवा आणि ज्येष्ठ यांच्या मध्ये जेमतेम दहा वर्षे मिळतात. हेतू चांगलाच आहे, त्यात शंका नाही. पण एकोणचाळीस वर्षांच्या, दोन मुलांच्या बापाला ‘युवा’ म्हणून शाल दिली जाते तेव्हा पंचविशीतल्याने आपल्याला काय म्हणवून घ्यावे, हा प्रश्न उरतोच.

नागपूरचा कमावता तरुण वादक या योजनांवर जगत नाही. त्याचे वर्ष वेगळ्या कामांनी भरते: गणेशोत्सव आणि नवरात्रातील ऑर्केस्ट्रा, एप्रिलमधील आंबेडकर जयंती आणि ऑक्टोबरमधील धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपासचे भीमगीतांचे कार्यक्रम, लग्नसराई, आणि दिवाळीनंतर धान निघाले की होळीपर्यंत चालणारा झाडीपट्टीचा हंगाम. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा ही झाडीपट्टी रंगभूमीची, म्हणजे पूर्व विदर्भातील गावोगावच्या नाटकांची, पेठ. तेथील मंडळ्या रात्र रात्र चालणाऱ्या प्रयोगांसाठी ऑर्गन, तबला आणि आता ऑक्टोपॅड वाजवणारे हात शोधत असतात. या जगात घराणे कोणी विचारत नाही आणि वयामुळे दारही बंद होत नाही. भीमगीतांच्या मंचावर तर अठरा-एकोणीस वर्षांच्या गायिकेला समोरची गर्दी तिच्या आवाजावरच स्वीकारते किंवा नाकारते. येथे वय आडवे येते ते नंतर, ‘नाईट’ म्हणजे एका रात्रीचे मानधन ठरवताना. कार्यक्रमाची सुपारी (कंत्राट) घेणारा म्होरक्या चाळिशीपुढचा, वादक विशीतले. इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, म्होरक्याच्या हातात, आणि कार्यक्रम संपल्यावर पहाटे होणारी वाटणी त्याच्या मर्जीवर. त्याच ठेक्याचे, त्याच तासांचे पैसे थोराला एक आणि पोराला एक असे ठरतात, आणि कारण म्हणून ‘तुझ्यावर कुठे संसार आहे’ हे वाक्य येते. मुलींच्या बाबतीत हेच वाक्य फिरून ‘लग्नानंतर गाणार आहेस का’ असे होते. त्या प्रश्नाचे उत्तर काहीही दिले तरी मोठा कार्यक्रम दुसऱ्याला जातो.

कायद्याने येथे फार थोडी मदत केली आहे. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान यांवरून भेदभावाला मनाई आहे, त्या यादीत वय नाही. 1872 च्या करार कायद्याखाली अज्ञानाचा, म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्तीचा, करार मुळातच रद्दबातल असल्याचे प्रिव्ही कौन्सिल या ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने 1903 मध्ये स्पष्ट केले, म्हणून अठराच्या आतील वादकाचा व्यवहार पालकांच्या तोंडी शब्दावर चालतो. बालमजुरीच्या 1986 च्या कायद्यात 2016 मध्ये दुरुस्ती होऊन बालकलावंतांना सवलत मिळाली. पुढच्या वर्षीच्या नियमांनी दिवसाला पाच तासांची मर्यादा आणि कमाईतील किमान 20 टक्के रक्कम मुलाच्या नावे बँकेत ठेवण्याची अट घातली. म्हणजे चौदा वर्षांखालील मुलासाठी निदान एक नियम आहे. अठरा ते तीस या वयाच्या, रोज रात्री काम करणाऱ्या प्रौढ वादकासाठी ना दरपत्रक आहे ना लेखी करार करण्याची रीत, आणि मजुरी बुडाली तर दाद मागण्यासाठी हातात असतो तो मोबाइलवरचा ‘उद्या ये, आठला साउंड चेक’ एवढाच निरोप.

अलीकडे रेशीमबागेतील कविवर्य सुरेश भट सभागृहासारख्या मोठ्या जागा झाल्या, तशा चहाच्या कॅफेत तीस-चाळीस खुर्च्या मांडून तिकिटे लावणारे तरुणांचे गटही दिसू लागले आहेत. त्यांच्या पत्रिका कागदावर छापल्या जात नाहीत, त्या फोनवर फिरतात. मी पाहिलेल्या अशा बऱ्याच पत्रिकांत नावे वर्णानुक्रमाने होती, आणि ‘नवोदित’ हा शब्द कोठेही नव्हता.