बोअरमध्ये सोडलेलं सांडपाणी माती गाळून घेते?

"बंद पडलेल्या बोअरमध्ये सांडपाणी सोडा, जमीन गाळून घेते, खाली पाणी शुद्धच" हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. पटतो, कारण माती खरंच गाळते, पण पाणी हळूहळू मुरलं तर. बोअरचं पाणी मातीला बायपास करून थेट खडकात जातं, आपला काळा पाषाण पाणी वाहतो तो भेगांतून, तिथे कसलं गाळणं? शिवाय सांडपाण्यात विरघळलेलं नायट्रेट (नायट्रोजनचा क्षार) मातीतूनही आरामात खाली जातं, आणि पाणी उकळलं तर त्याचं प्रमाण उलट वाढतं.

चेक करायचं तर शेजारचा बोअर दहा-पंधरा मिनिटं चालवून मग सॅम्पल घ्या, लॅबला द्या. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. टीडीएस पेनवर विसंबू नका, तो फक्त एकूण क्षार सांगतो, कुठले ते नाही.