ऑनलाइन पोस्टेजची महिन्याची वर्गणी भरावी का?

(पॅकिंगच्या सामानाचं आमचं दुकान, एडिसन, न्यू जर्सी. घरून व्यवसाय करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

खोकी, टेप, बबल रॅप घ्यायला येणारे ग्राहक हल्ली गल्ल्यावर हमखास विचारतात: घरबसल्या टपालाचं लेबल छापून देणाऱ्या साइटची वर्गणी भरायची की नको? आम्ही खोकी विकतो, पोस्टेज नाही. यातल्या कुठल्याही कंपनीकडून आम्हाला कमिशन मिळत नाही, त्यामुळे स्पष्टच सांगतो. तुम्ही फक्त पार्सलं पाठवत असाल तर भरू नका.

१९९९ मध्ये यूएसपीएसने (अमेरिकेच्या टपाल खात्याने) संगणकावरून पोस्टेज छापायला परवानगी दिली, तेव्हा स्टॅम्प्स डॉट कॉमसारख्या मोजक्याच कंपन्या या धंद्यात होत्या. वर्गणी ही त्या सोयीची किंमत होती आणि ती वाजवी होती. आज परिस्थिती वेगळी आहे. पोस्टाच्या काउंटरपेक्षा स्वस्त असलेले ‘कमर्शियल’ दर यूएसपीएसच्याच क्लिक-एन-शिप या साइटवर फुकट खातं उघडून मिळतात. पायरेट शिप या लेबल छापून देणाऱ्या साइटवरही मिळतात आणि तिथेही महिन्याला काही भरावं लागत नाही. एट्सी किंवा ईबेवर विकत असाल तर ऑर्डरच्या पानावरूनच सवलतीचं लेबल निघतं. वर्गणीच्या जाहिरातीत ‘इतके टक्क्यांपर्यंत बचत’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. ती तुलना काउंटरच्या दराशी असते, या फुकटच्या पर्यायांशी नसते.

मग वर्गणी परवडते कुणाला? पत्रं पाठवणाऱ्यांना.

१३ जुलै २०२५ पासूनच्या दरांनुसार एक औंसाच्या साध्या पत्राला तिकीट लावलं तर ७८ सेंट पडतात आणि मीटरच्या दराने (तिकिटाऐवजी छापलेल्या पोस्टेजचा दर) छापलं तर ७४. फरक चार सेंटांचा. वर्गणी महिन्याला २० डॉलरच्या आसपास धरली, तर ती नुसती वसूल व्हायलाच महिन्याला ५०० पत्रं हवीत. दवाखाना, वकिलाचं किंवा कर सल्लागाराचं ऑफिस असेल तर तेवढी जातीलही. शिवाय अशा ऑफिसांना सर्टिफाइड मेल (पोहोचल्याची नोंद ठेवणारं टपाल) लागतं. त्याचा फॉर्म हाताने भरण्याऐवजी टेबलावरच छापून निघत असेल, तर एप्रिलमधल्या कर भरण्याच्या गर्दीत वाचणारा वेळ वर्गणीहून नक्कीच मोलाचा. त्यांनी खुशाल भरावी.

मंडळाच्या गणपतीच्या ३०० निमंत्रणांसाठी मात्र नको. वाचणार १२ डॉलर, तेही वर्षातून एकदा. त्यापेक्षा दर वाढण्याआधी फॉरएव्हर तिकिटांच्या गुंडाळ्या घेऊन ठेवा. पुढे दर कितीही चढला तरी ती एक औंसाच्या पत्राला चालतात.

चार आठवड्यांची मोफत चाचणी आणि सोबत वजनकाटा, असा मोह बऱ्याच जणांना पडतो. चाचणीसाठी कार्डाचा नंबर द्यावा लागतो आणि मुदतीत रद्द केलं नाही तर वर्गणी आपोआप सुरू होते. हिशेब लिहिताना दोन-चार महिन्यांनी ती रक्कम दिसते. नाव नोंदवलंच, तर रद्द करायची तारीख त्याच दिवशी फोनमध्ये टाका. काटा हवाच, पण तो बाजारात एका महिन्याच्या वर्गणीएवढ्यात मिळतो. वजन अंदाजाने टाकू नका. यूएसपीएसची यंत्रं वाटेत पार्सल मोजतात आणि कमी भरलेले पैसे नंतर तुमच्या खात्यातून वळते होतात.

खरी बचत वर्गणीत नाही, खोक्यात आहे. (हे खोकीवाल्याने सांगावं म्हणजे पाहा!) यूएसपीएसच्या ग्राउंड ॲडव्हान्टेज या स्वस्त पार्सल सेवेमध्ये एक पाउंडाच्या आत वजनाचे चार टप्पे आहेत: ४, ८, १२ औंस आणि पाउंडाच्या किंचित आतपर्यंत. सुती साडी प्लास्टिकच्या पाकिटात घातली तर बहुतेक वेळा पाउंडाच्या आत बसते. तीच खोक्यात घातली की बाहेर जाते, आणि मग पुढच्या पाउंडाचे पैसे. साडीला आमचं खोकं घेऊ नका, पाकीट घ्या.

पितळी समई, निरांजनं, छोट्या मूर्ती यांचं उलट आहे. चण लहान, वजन भारी. त्यांच्यासाठी प्रायॉरिटी मेल या जलद सेवेचा क्युबिक दर पाहा. यात वजनावर नाही, आकारमानावर पैसे लागतात. पार्सल २० पाउंडांपर्यंत आणि अर्ध्या घनफुटाच्या आत हवं, म्हणजे उदाहरणार्थ १२ × १२ × ६ इंचांपर्यंतचं खोकं. कुठलीही बाजू १८ इंचांवर नको. पायरेट शिपवर मापं टाकली की हा दर आपोआप समोर येतो. इथे खोकं जितकं अंगाबरोबर, तितका फायदा. मोजून घ्या, आम्ही कापून देतो.

पुस्तकं मीडिया मेलने (यूएसपीएसची पुस्तकांसारख्या सामानासाठीची सवलतीची सेवा) स्वस्त जातात, पण दिवाळी अंक त्यात घालू नका. त्यात जाहिराती असतात आणि जाहिराती असलेली मासिकं मीडिया मेलला चालत नाहीत. टपाल खात्याला असं पार्सल उघडून पाहायचा अधिकार आहे.

एक बारीक नियम. तिकिटं चिकटवलेलं पार्सल १० औंसांहून जड किंवा अर्ध्या इंचाहून जाड असेल, तर ते रस्त्यावरच्या निळ्या पेटीत टाकता येत नाही, काउंटरवरच द्यावं लागतं. २०१९ पासून असं आहे. ऑनलाइन छापलेल्या लेबलाला ही अट नाही. ते पोस्टमनच्या हाती द्या, किंवा यूएसपीएसच्या साइटवर नोंद करून घरून न्यायला सांगा. नेहमीच्या फेरीत नेलं तर त्याचे पैसे पडत नाहीत.

आधीच वर्गणी भरत असाल तर गेल्या तीन महिन्यांची पत्रं आणि पार्सलं वेगवेगळी मोजा. पत्रं महिन्याला ५०० च्या जवळपासही नसतील तर बंद करा. त्याआधी खात्यातली शिल्लक वापरून संपवा किंवा परत मागा, आणि छापून न वापरलेल्या लेबलांचा परतावा ३० दिवसांच्या आत मागा. पहिलं पार्सल लेबल लावून पाठवताना अडलं, तर सामान घेऊन दुकानात या. काटा आणि मोजपट्टी गल्ल्याशेजारीच आहे, त्याचे पैसे नाहीत.