‘डीएसकॉन्फ’च्या आधी

३८९ डिरेक्टरी सर्व्हर म्हणजे वापरकर्ते, पासवर्ड अशा नोंदी ठेवणारा सर्व्हर. आज त्याच्या दोन यंत्रांमध्ये रेप्लिकेशन लावायला, म्हणजे एकावरचे बदल दुसऱ्यावर आपोआप न्यायला, ‘डीएसकॉन्फ’ या त्याच्या साधनाच्या मोजक्या कमांड पुरतात. दोन्हीकडे रेप्लिकेशन सुरू करायचं, ॲग्रीमेंट (कोणी कोणाला बदल पाठवायचे याची जुळणी) तयार करायचं, पहिली प्रत भरायची. पण या कमांड नेमकं काय करतात हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

१९८८ चं एक्स.५०० हे डिरेक्टरीचं मानक साध्या पीसीला पेलणारं नव्हतं. मिशिगन विद्यापीठात टिम हाउज आणि सहकाऱ्यांनी त्याचं हलकं रूप, म्हणजे एलडॅप, घडवलं. त्याचा पहिला आरएफसी, म्हणजे इंटरनेटवरचा तांत्रिक दस्तऐवज, १९९३ चा. पुढे तिथेच ‘स्लॅपडी’ हा स्वतंत्र सर्व्हर आला आणि जोडीला ‘स्लर्पडी’. स्लॅपडी प्रत्येक बदल एका फाइलीत लिहून ठेवी, स्लर्पडी ती वाचून तोच बदल दुसऱ्या सर्व्हरवर करी. पहिली प्रत मात्र डेटाबेस थांबवून हातानेच न्यावी लागे. लेखन एकाच सर्व्हरवर, बाकी सारे वाचनापुरते. म्हणजे मुख्य सर्व्हर बंद पडला की पासवर्ड बदलणंही अडलं. स्लॅपडी पुढे चालवणाऱ्या ओपनएलडॅप प्रकल्पाने २००७ मध्ये, २.४ आवृत्तीत, स्लर्पडी काढूनच टाकला. तोवर ‘सिंकरेपल’ रुळलं होतं, ज्यात कन्झ्युमर, म्हणजे प्रत घेणारा सर्व्हर, स्वतःच बदल मागून घेतो.

हाउज नेटस्केपमध्ये गेले आणि तिथल्या डिरेक्टरी सर्व्हरची वाट वेगळी झाली. त्याच्या ५ व्या आवृत्तीत मल्टिमास्टर, म्हणजे एकाहून अधिक सर्व्हरवर लेखन, आलं, आणि खरी कठीण गोष्ट इथेच सोडवली गेली असं मला वाटतं. एकच नोंद दोन ठिकाणी बदलली, तर कोणाचं धरायचं? प्रत्येक बदलाला वेळ आणि सर्व्हरचा क्रमांक असलेली खूण मिळते; नंतरची खूण जिंकते. एकाच नावाच्या दोन नोंदी तयार झाल्या, तर एकीचं नाव बदलून ती बाजूला ठेवली जाते. म्हणून सर्व्हरचा हा क्रमांक, म्हणजे रेप्लिका आयडी, दोन सप्लायरना (बदल पाठवणाऱ्या सर्व्हरना) एकच देऊ नये. तो दिला की खुणांचा अर्थच उरत नाही. या सगळ्यासाठी समाईक मानक करायचा प्रयत्न इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफच्या ‘एलडप’ गटाने केला, पण मल्टिमास्टरचं मानक काही झालं नाही.

२००४ मध्ये रेड हॅटने नेटस्केपचा हा सर्व्हर, नेटस्केप विकत घेतलेल्या एओएलकडून घेतला, २००५ मध्ये तो फेडोरा डिरेक्टरी सर्व्हर म्हणून खुला केला. २००९ मध्ये एलडॅपच्या पोर्टवरून त्याला ३८९ हे नाव मिळालं. तेव्हा रेप्लिकेशन लावायचं तर जावाची कन्सोल उघडायची, नाहीतर एलडीआयएफ (नोंदी मजकुरात लिहिण्याचा साचा) फाइल हाताने लिहून ‘एलडॅपमॉडिफाय’ या कमांडला द्यायची. कारण ॲग्रीमेंट ही डिरेक्टरीतलीच एक नोंद आहे, सर्व्हरच्या मांडणीच्या ‘सीएन=कॉन्फिग’ या भागाखाली बसणारी. एका गुणधर्माच्या नावात चूक झाली तरी सगळं पुन्हा.

१.४ आवृत्तीपासून पर्लच्या जुन्या स्क्रिप्टची जागा पायथॉनच्या ‘डीएसकॉन्फ’ने घेतली. नोंदी मात्र त्याच राहिल्या. पहिली प्रत भरायची ‘रेपल-ॲग्मट इनिट’ ही कमांड दिली की ॲग्रीमेंटच्या नोंदीत ‘एनएसडीएस५बिगिनरेप्लिकारिफ्रेश’ या गुणधर्मासमोर ‘स्टार्ट’ लिहिलं जातं. त्यातलं ‘एनएस’ नेटस्केपचं, आणि ५ त्याच पाचव्या आवृत्तीचा.