हाक मारल्यावर कुत्रा परत का येतो?

घरात नाव घेताच धावत येणारा कुत्रा मोकळ्या मैदानात गेला की मान वळवूनही बघत नाही. हाक त्याला ऐकू गेलेली असते. खरा प्रश्न आहे तो त्या हाकेपाठोपाठ आजवर काय घडत आलं, याचा.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये भुकेल्या मांजरांना पेटीत कोंडून त्या बाहेर कशा पडतात ते पाहिलं. ज्या धडपडीचा शेवट सुटकेत आणि खाण्यात झाला, तीच कृती मांजरं पुढे अधिकाधिक लवकर करू लागली. परिणाम सुखाचा असेल तर कृती पक्की होते, नाहीतर विरते.

आता मैदानातली आपली नेहमीची पद्धत पाहा. कुत्रा मजेत हुंगत असतो, आपण हाक मारतो, तो येतो, आपण पट्टा अडकवतो आणि घरचा रस्ता धरतो. त्याच्या दृष्टीने येण्याची किंमत म्हणजे खेळ संपणं. उशिरा आल्याबद्दल रागावणं तर फारच घातक. आपल्या मनात राग उशिराचा असतो, पण त्याने सर्वांत शेवटी केलेली गोष्ट ‘येणं’ ही असते आणि ओरडा तिलाच चिकटतो. अशा कुत्र्याला हट्टी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. तो आपणच शिकवलेलं चोख पाळत असतो.

यावर परिणामकारक उपाय मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रीमॅक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या तत्त्वात आहे: जास्त आवडीची कृती हेच कमी आवडीच्या कृतीचं बक्षीस होऊ शकतं. म्हणून बोलवा, आल्यावर आवडता खाऊ द्या आणि ‘जा, खेळ’ म्हणून पुन्हा सोडा. एका फेरीत असं अनेकदा करा, म्हणजे घरी नेणारी हाक त्यातली एखादीच उरते. मग येण्याने काही हिरावलं जात नाही, उलट खाऊही मिळतो आणि खेळही.

कौतुक मात्र मनापासून हवं. बुडापेस्टच्या संशोधकांनी २०१६ मध्ये कुत्र्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. शाबासकीचे शब्द शाबासकीच्याच सुरात आले, तेव्हाच आनंदाशी निगडित भाग ठळकपणे उजळले. कोरड्या स्वरातल्या ‘शाब्बास’ला तसा प्रतिसाद मिळाला नाही.

तो येणार नाही असं दिसत असताना पुन्हा पुन्हा हाका मारू नका. त्यातून तो एवढंच शिकतो की या आवाजाकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं. जुनी हाक अशी निकामी झाली असेल तर नवा शब्द किंवा शिट्टी घ्या. शिट्टीचा फायदा असा की तिच्यात आपला वैताग उतरत नाही.

सुरुवात घरातून करा, मग अंगण, मग शांत मैदान. एका जागी शिकलेलं कुत्रा दुसरीकडे आपोआप लागू करत नाही. बाहेर दहा-एक मीटरची लांब दोरी छातीपट्ट्याला बांधा, गळ्याला नको. ती ओढण्यासाठी नाही. हाक न ऐकता पक्ष्यामागे पळण्याचं बक्षीस त्याला परस्पर मिळू नये, एवढ्यासाठीच.

साधारण आठव्या महिन्यात शिकलेलं पिल्लूही ऐकेनासं होऊ शकतं. ब्रिटनमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या वयाची कुत्री ‘बस’ म्हटल्यावर त्यांना सांभाळणाऱ्या माणसाचं कमी ऐकत होती, अनोळखी माणसाचं मात्र ऐकत होती. हा टप्पा सरतो. तोवर दोरी सोडू नका आणि खिशातला खाऊ कमी करू नका.