गॅल्व्हेस्टन, १९००: नको म्हटलेली भिंत

टेक्ससच्या किनाऱ्यालगत वाळूचं एक लांबट, सपाट बेट आहे. त्यावरचं गॅल्व्हेस्टन १९०० साली कापसाच्या निर्यातीवर गब्बर झालेलं बंदर होतं. वस्ती सुमारे ३८ हजार. शहरातली सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून जेमतेम नऊ फूट!

धोका ठाऊक नव्हता असं म्हणायला जागा नाही. त्याच किनाऱ्यावरचं इंडियानोला बंदर १८७५ च्या चक्रीवादळात (तिकडे हरिकेन म्हणतात) मोडलं, लोकांनी पुन्हा उभारलं आणि १८८६ च्या वादळात ते कायमचं संपलं. त्यानंतर गॅल्व्हेस्टनला समुद्राच्या बाजूनं भिंत बांधायची चर्चा झाली नि बारगळली. १८९१ मध्ये तिथल्या हवामान कचेरीचे प्रमुख आयझॅक क्लाइन यांनी वर्तमानपत्रात लिहिलं, की वादळी लाटेनं शहराचं मोठं नुकसान होईल ही समजूतच खुळी आहे. उथळ समुद्रतळ लाटांचा जोर मोडेल. प्रत्यक्षात उलटंच असतं. वाऱ्यानं किनाऱ्याकडे लोटलेल्या पाण्याला उथळ तळावर मागे फिरायला वाट मिळत नाही, ते चढत जातं.

वॉशिंग्टनमधल्या हवामान खात्याची गुर्मी वेगळीच. क्युबा तेव्हा अमेरिकी अमलाखाली होता. हवानाच्या बेलेन वेधशाळेतल्या जेझुइट या कॅथलिक पंथाच्या पाद्र्यांचा वादळांचा अभ्यास दांडगा, पण अमेरिकी हवामान खात्याला त्यांची स्पर्धा खुपत होती. १९०० च्या ऑगस्टमध्ये क्युबातून हवामानाच्या तारा पाठवण्यावरच बंदी आली. पुढच्याच महिन्यात क्युबावरून आलेलं वादळ फ्लोरिडाकडे वळेल असं वॉशिंग्टन धरून बसलं. ते मेक्सिकोच्या आखातात शिरलं.

शनिवार, ८ सप्टेंबर. पाणी पहाटेपासूनच सखल रस्त्यांत शिरत होतं, मुलं त्यात खेळत होती. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास, क्लाइन यांच्याच अहवालानुसार, ते चार सेकंदांत चार फूट चढलं. एकूण चढ पंधरा फुटांच्या वर गेला. पडलेल्या घरांचे वासे-फळ्या लाटांबरोबर पुढच्या घरांवर आदळत, आणि तीही पडत. सेंट मेरी अनाथाश्रमात दहा जोगिणींनी मुलांना कपडे वाळत घालायच्या दोरीनं स्वतःशी बांधून घेतलं होतं. त्या दहाही जणी आणि नव्वद मुलं बुडाली. तीन मुलगे वाचले. क्लाइन यांचं घर कोसळलं, त्यात त्यांची गरोदर पत्नी गेली. मृतांचा आकडा सहा ते बारा हजारांच्या दरम्यान धरतात, बहुधा आठ हजार. प्रेतं बोटीनं नेऊन समुद्रात सोडली, ती लाटांनी परत आणली. मग ठिकठिकाणी चिता पेटवल्या.

नाकारलेली भिंत १९०४ पर्यंत उभी राहिली, सतरा फूट उंच. शिवाय दोन हजारांवर इमारती जॅकवर उचलून खाली समुद्रातली वाळू भरली. हे काम १९११ पर्यंत चाललं, तोवर लोक फळकुटांच्या उंच पुलांवरून ये-जा करत. १९१५ च्या वादळात भिंत टिकली. बंदराचा व्यापार मात्र आदल्याच वर्षी खुल्या झालेल्या जलमार्गानं आत ह्यूस्टनकडे वळू लागला होता.