अपोक्रिप्टा

उंबर व त्याच्या जवळच्या नात्यातल्या झाडांच्या फळांत वाढणाऱ्या परजीवी गांधीलमाश्यांची प्रजाती. गण हायमेनॉप्टेरा, अधिकुल कॅल्सिडॉयडिया. प्रजातीचे नाव कीटकशास्त्रज्ञ कोकरेल यांनी १८५५ मध्ये दिले. आफ्रिकेपासून दक्षिण आशियामार्गे ऑस्ट्रेलियापर्यंत तिच्या जाती आढळतात, अमेरिकेत नाहीत.

पुण्यात ती पाहायला रानोमाळ हिंडायला नको. मुठेकाठचा, ओढ्यालगतचा किंवा दत्तमंदिराच्या पारावरचा फळलेला उंबर पुरतो. तिथली जाती अपोक्रिप्टा वेस्टवूडी. मुळशी-ताम्हिणीकडच्या बोखाड्यावर (काळा उंबर) अपोक्रिप्टा बेकरी असते, तीही नर झाडांच्याच फळांत. वड-पिंपळ मात्र या प्रजातीला वर्ज्य.

पिकून रस्त्यावर पडलेले उंबर फोडून फारसे हाती लागत नाही. माश्या तोवर उडालेल्या असतात. खोडावर घोसाने लटकणारी कच्ची, हिरवी फळे न्याहाळावीत. चिलटाएवढी मादी पोट उंचावून उभी असते आणि केसाहून बारीक अंडनिक्षेपक (अंडी घालण्याची नळी) सालीत उतरवत असते. फळांवर फिरणाऱ्या मुंग्यांनी तिला नेमके याच वेळी गाठले, तर सुटका अवघड. अंडनिक्षेपकाच्या टोकाला दाते असतात आणि ते जस्ताने कठीण झालेले असते, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले. या कीटकाची सर्वांत नवलाची गोष्ट हीच.

उंबराची फुले फळाच्या पोटात असतात. परागण करणारी गांधीलमाशी सेरॅटोसोलेन फ्युसिसेप्स फळाच्या डोळ्यातून (टोकाच्या भोकातून) आत शिरते, त्यात पंख गमावते, फुलांत अंडी घालून तिथेच मरते. अपोक्रिप्टा आत जातच नाही. सेरॅटोसोलेन किंवा सायकोफॅगा (उंबरातलीच दुसरी गांधीलमाशी) यांच्या अळ्या ज्या फुलांच्या गाठींत वाढत असतात, त्यांत ती बाहेरूनच अंडे सोडते. तिची अळी मूळ अळीला संपवून त्याच गाठीत मोठी होते.

नरांना पंख नसतात. मीलन फळातच होते. बाहेर पडण्याचे भोक सेरॅटोसोलेनचे नर पोखरतात आणि अपोक्रिप्टाच्या माद्याही त्यातूनच निघतात. एखाद्या फळातले यजमान (ज्यांच्यावर ती पोसते त्या माश्या) सरसकट मारले गेले, तर मारेकऱ्यांची पोरेही आतच अडकायची! सुटलेल्या मादीला थोड्याच दिवसांत योग्य वयाची फळे असलेला उंबर गाठावा लागतो. म्हणून तिचा अधिवास सांगताना एकच झाड धरून चालत नाही. आगेमागे फळणारे अनेक उंबर मिळून तो होतो.